नववी ते बारावीच्या इंग्रजीत निबंध आणि शोधनिबंध कसा लिहून घ्यावा? (जळगाव-धुळे-नंदुरबार)

तापीकाठ

नमस्कार मंडळी. इंग्रजीच्या तासाला मुलांकडून स्वतःच्या डोक्याने लिहिलेला निबंध आणि वर्षातून एक छोटा शोधनिबंध कसा लिहून घ्यायचा, याचं सगळं एका जागी असावं म्हणून हा धागा काढतोय. मराठी, सेमी, इंग्रजी, कुठल्याही माध्यमाच्या शिक्षकांनी आणि मुलांनी भर घालावी.

आपल्या मुलांची अडचण इंग्रजीची आहे असं सगळे धरून चालतात. मला ते पटत नाही. बहुतेक निबंध पहिल्याच परिच्छेदात फसतात, कारण लिहिणाऱ्याने काय म्हणायचं ते ठरवलेलंच नसतं. विषय असतो, म्हणणं नसतं. 'पाणीटंचाई' हा विषय झाला. नुसता तेवढाच दिला तर कितीही चांगलं इंग्रजी येणारं मूल गाइडमधलीच वाक्यं उतरवणार. व्याकरण नंतर दुरुस्त करता येतं, म्हणणं नंतर घुसडता येत नाही.

कामाचा आकार असा धरावा. निबंध ५०० शब्दांचा: एका तासाला कच्चा, दुसऱ्या तासाला पक्का. शोधनिबंध १२०० ते १५०० शब्दांचा, किमान तीन स्रोत, त्यातला एक तरी मूळ कागद किंवा मुलाखत. मुदत सहा आठवडे: विषय आणि प्रश्न, स्रोत, टिपणं, आराखडा, कच्चा खर्डा, दुरुस्ती, प्रत्येकाला एकेक आठवडा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात लावलं की ऑगस्टअखेर हातावेगळं होतं. दिवाळीच्या आगेमागे लावू नये. कापसाची वेचणी सुरू असते, खेड्यावरून येणाऱ्या मुलांची हजेरी घटते आणि नेमकी तीच मुलं मागे राहतात.

दोन गोष्टींवर जाणकारांनी सविस्तर लिहावं: विषय लहान कसा करायचा, आणि आपल्या भागात स्रोत कुठे मिळतात.

मेहरूण

विषय लहान करण्यावर लिहिते, सगळं तिथेच ठरतं.

तीन काप द्यायचे: जागा, काळ, माणसं. 'स्वातंत्र्यलढा' एवढा विषय घेऊन आलेल्या मुलाला आधी जागा विचारा. खानदेश. मग काळ. १९३६. मग कोण आणि काय. फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन. आता विषय हातात मावेल एवढा झाला. डिसेंबर १९३६ मध्ये भरलेलं हे खेड्यातलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, नगराची सजावट नंदलाल बोस यांची. पण ही झाली माहिती. हीच माहिती १५०० शब्दांत मांडली तर तो शोधनिबंध होत नाही, ज्ञानकोशातली नोंद होते.

पुढची पायरी प्रश्नाची. 'कधी', 'कुठे', 'कोण' ने सुरू होणारा प्रश्न एका ओळीत संपतो. 'का', 'कसं', 'कितपत' ने सुरू होणारा चालतो. उदाहरणार्थ: अधिवेशन खेड्यात घेण्याचा आणि तिथे मंजूर झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमाचा एकमेकांशी कितपत संबंध होता?

या प्रश्नाचं एका वाक्यातलं उत्तर म्हणजे थिसिस स्टेटमेंट, आपल्या भाषेत दावा. ते तीन चाळण्यांतून काढायचं.

१. एखादा समंजस वाचक याच्या उलट म्हणू शकेल का? 'केळी हे जळगाव जिल्ह्यातलं महत्त्वाचं पीक आहे' याच्या उलट कुणीच म्हणणार नाही. म्हणजे तो दावा नाही.
२. हातात असलेल्या स्रोतांनी ते दाखवता येईल का? 'लोकांची मानसिकता बदलली' हे दाखवायला अकरावीच्या मुलाकडे साधन नाही.
३. १५०० शब्दांत मावेल का?

फैजपूरचा दावा असा होऊ शकतो: 'अधिवेशनासाठी खेडं निवडणं हा निव्वळ देखावा नव्हता, तिथल्या शेतीविषयक कार्यक्रमाला त्या निवडीने वजन दिलं.' उलट बाजू लगेच उभी राहते: शेतीविषयक कार्यक्रम तयार करायचं त्याच वर्षी एप्रिलमधल्या लखनौच्या अधिवेशनात ठरलं होतं, मग फैजपूर हे फक्त ठिकाण नाही का? हा आक्षेप निबंधातच घ्यायचा आणि त्याला उत्तर द्यायचं. आक्षेप मोठा असेल तर दावा थोडा आवरता घ्यायचा. वाचता वाचता दावा बदलला तर मुलं घाबरतात, पहिला आठवडा वाया गेला म्हणतात. उलट तो बदलला म्हणजे मुलाने खरोखर वाचलंय. म्हणून आराखडा होईपर्यंत दावा पेन्सिलीनेच लिहायला लावा.

केळीवरच लिहायचं असेल तरी जरूर लिहा, फक्त प्रश्न आणा. जळगावच्या केळीला आणि भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 'आपल्या गावच्या केळी उत्पादकांच्या विक्रीत या मानांकनाचा वापर कितपत होतो?' पाच-सहा शेतकरी, एक व्यापारी, मानांकनाची सरकारी नोंद, एवढ्यावर अकरावीचा उत्तम शोधनिबंध उभा राहतो. रावेर-यावलच्या मुलाला यासाठी गाव सोडावं लागत नाही.

लळिंग

पाच परिच्छेदांच्या साच्याबद्दल एक सांगतो. प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप हा साचा ५०० शब्दांच्या निबंधाला ठीक आहे. शोधनिबंधाला तो लावू नका. त्यात प्रत्येक गोष्टीचे तीनच मुद्दे काढायची सक्ती होते. दोन मुद्दे भक्कम असतात, तिसरा ओढूनताणून येतो आणि वाचणाऱ्याचा विश्वास तिथे उडतो. शिवाय 'फर्स्टली, सेकंडली, थर्डली' लिहिलं की मुलांना वाटतं मांडणी झाली. तिन्ही परिच्छेदांची जागा आपसात बदलून बघा. काही फरक पडत नसेल तर ती मांडणी नव्हे, यादी आहे.

मेहरूण

लळिंग सर, शोधनिबंधाबद्दल पूर्ण सहमत. पण नववी-दहावीला साचा काढून घेऊ नये. साचा नसेल तर मूल दीड पानाचा एकच परिच्छेद लिहितं. नववीत साचा द्यावा, अकरावीत मोडायला शिकवावा.

शोधनिबंधाच्या १५०० शब्दांची वाटणी ढोबळपणे अशी ठेवते: प्रस्तावना १५०, त्यात दावा शेवटच्या एक-दोन वाक्यांत. पार्श्वभूमी २००, जास्त नको. मुलं इथेच ६०० शब्द घालवतात. मुख्य मांडणी ८००, म्हणजे सहाएक परिच्छेद. आक्षेप आणि उत्तर २००. समारोप १५०. समारोपात प्रस्तावनाच वेगळ्या शब्दांत लिहू देऊ नका. दावा खरा धरला तर पुढे काय निघतं, किंवा कुठला प्रश्न बाकी राहिला, ते तिथे यावं.

पांझरा

स्रोतांबद्दल. ग्रंथालयाच्या बाजूने लिहितो.

आधी खानदेशाच्या विषयांसाठी काय उपलब्ध आहे ते. बॉम्बे प्रेसिडेन्सी गॅझेटियरचा १२वा खंड खानदेशावर आहे, १८८० चा. इंग्रजीत आहे, इंटरनेटवर पूर्ण मिळतो. पिकं, बाजार, रस्ते, तालुके यांची माहिती त्यात भरपूर. मात्र भिल्ल आणि इतर समाजांबद्दलची भाषा ब्रिटिश अधिकाऱ्यांची आहे. त्यातले शेरे वस्तुस्थिती म्हणून उतरवायचे नाहीत. 'तेव्हाचे अधिकारी असं पाहत होते' याचा पुरावा म्हणूनच ते वापरायचे.

धुळ्याचं इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून आहे, जुनी कागदपत्रं आणि हस्तलिखितं तिथे जपलेली आहेत. अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर, जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं ग्रंथालय. शाळेचं पत्र घेऊन, आधी विचारून, नेमका प्रश्न लिहून जावं. 'खानदेशाच्या इतिहासावर काहीतरी द्या' म्हणणाऱ्या मुलाला कुठलाही ग्रंथपाल मदत करू शकत नाही. घरबसल्या: शोधगंगावर विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध आहेत, नॅशनल डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया आहे, गूगल स्कॉलर आहे. प्रबंध अख्खा वाचायचा नसतो. अनुक्रमणिका, एखादं प्रकरण आणि मागची संदर्भसूची. ती सूचीच सर्वांत कामाची, पुढचे स्रोत तिथून मिळतात. विकिपीडियाचंही तेच. वाचा, पण संदर्भ म्हणून तो देऊ नका. त्याच्या तळटीपांतून मूळ स्रोतापर्यंत जा.

आता एक चूक, जी खानदेशावर लिहिताना हमखास होते. जिल्ह्याच्या हद्दी बदलल्या आहेत. १८८० चा खानदेश एकच जिल्हा. १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले. पुढे पूर्वेचा जळगाव झाला, पश्चिमेचा धुळे. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. त्यामुळे १९९१ च्या जनगणनेत धुळे जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाखांच्या वर दिसते आणि २००१ मध्ये १७ लाख. मूल आलेख काढतं आणि लिहितं की दहा वर्षांत धुळ्यातून आठ लाख लोक स्थलांतर करून गेले! आकडे दोन्ही बरोबर, निष्कर्ष साफ चूक. २००१ च्या धुळ्यात नंदुरबारचे १३ लाख मिळवले की चित्र उलटं होतं. जुन्या-नव्या आकड्यांची तुलना करण्याआधी 'हे नाव तेव्हा कुठल्या हद्दीला होतं' हे विचारायला शिकवा. लागवडीचं क्षेत्र, साक्षरता, शाळांची संख्या, सगळ्याला हे लागू.

गिरणाकाठ

मी अकरावीला आहे, चाळीसगाव. दोन शंका. मराठी पुस्तकातलं मी माझ्या इंग्रजीत लिहिलं तर ती कॉपी धरतात का? शब्द तर सगळे माझेच असतात. आणि टिपणं कशी काढायची हे कुणी शिकवलेलंच नाही, आम्ही पानांचे फोटो काढतो.

पांझरा

गिरणाकाठ, चांगली शंका. हो, संदर्भ द्यावाच लागतो. भाषांतरात शब्द तुमचे असतात, पण माहिती, तिचा क्रम आणि विचार त्या लेखकाचा असतो. तुम्ही स्वतः भाषांतर केलेलं वाक्य अवतरणात घातलं तर भाषांतर तुमचं आहे अशी छोटी नोंद कंसात करा. संदर्भसूचीत पुस्तकाचं मराठी नाव रोमन लिपीत लिहायचं आणि पुढे चौकोनी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ.

टिपणांचं सांगतो. पोस्टकार्डाएवढे कागद कापा. एका कागदावर एकच मुद्दा. लिहायला सुरुवात करण्याआधी वरच्या कोपऱ्यात लेखक आणि पान क्रमांक. हे आधी, नंतर नाही. नंतर लिहू म्हणून सोडलेला पान क्रमांक शोधण्यात शेवटचा आठवडा जातो. जसंच्या तसं उतरवलं तर लगेच अवतरणचिन्हं, आणि दुसऱ्या रंगाच्या शाईने. स्वतःच्या शब्दांत लिहायचं तर परिच्छेद दोनदा वाचा, पुस्तक मिटा, मग लिहा, मग उघडून पडताळा. पुस्तक समोर उघडं ठेवून लिहिलं की 'इम्पॉर्टंट' च्या जागी 'सिग्निफिकंट' आणि 'बिग' च्या जागी 'लार्ज' एवढाच बदल होतो. वाक्याचा सांगाडा त्याचाच राहतो. संदर्भ दिला तरी ती नक्कलच.

पानांचे फोटो काढायला हरकत नाही, पण पहिला फोटो आतल्या शीर्षकपानाच्या मागच्या बाजूचा काढा. प्रकाशक, वर्ष, आवृत्ती तिथे असतं.

अनेर

बेस लिखेल शे, भाऊहो! मी परिच्छेद आणि भाषा यांवर लिहिते.

मुख्य परिच्छेद १२० ते १५० शब्दांचा. पहिलं वाक्य मुद्दा सांगतं, आणि तो मुद्दा दाव्याचा एक तुकडा असला पाहिजे. मग पुरावा: आकडा, अवतरण, मुलाखतीतलं वाक्य. मग स्पष्टीकरण: या पुराव्यातून मुद्दा कसा सिद्ध होतो. एका ओळीच्या पुराव्याला निदान दोन ओळींचं स्पष्टीकरण. आपल्याकडच्या वह्यांत हे नेमकं उलटं असतं: चार ओळींचं अवतरण आणि त्याखाली 'दिस क्लिअरली शोज दॅट...' असं एक वाक्य. मूल आळशी असतं म्हणून हे होत नाही. स्पष्टीकरण म्हणजे नेमकं काय करायचं, ते त्याने कधी पाहिलेलंच नसतं. म्हणून फळ्यावर एक आकडा लिहा आणि वर्गाला तीन प्रश्न विचारा: हा आकडा काय दाखवतो? काय दाखवत नाही? माझ्या दाव्याशी याचा संबंध काय? तीन उत्तरं जोडली की स्पष्टीकरण तयार.

अवतरण एकटं सोडू नये. आधी कोण, कुठल्या संदर्भात म्हणतं ते, मग अवतरण, मग स्पष्टीकरण. शक्य तेवढं लहान घ्यावं. अख्ख्या वाक्याऐवजी त्यातले चार-पाच शब्द स्वतःच्या वाक्यात बसवले तर लिहिणारा विषय समजून लिहितोय हे लगेच कळतं.

कविता किंवा कथेवर निबंध असेल तर सर्वांत मोठी चूक म्हणजे गोष्ट सांगत बसणं. शिक्षकाने ती वाचलेली आहे. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य 'मग काय झालं' सांगत असेल तर तो सारांश झाला. 'कवीने हे असं का लिहिलं' हे सांगत असेल तर विश्लेषण. साहित्यकृतीत घडणाऱ्या गोष्टींना वर्तमानकाळ, इतिहासातल्या घटनांना भूतकाळ. एकाच परिच्छेदात काळ तीनदा बदलतो, त्याचं कारण बहुधा हेच असतं की गोष्ट आणि इतिहास एकमेकांत मिसळलेत.

इंग्रजीतल्या चुका आपल्या भागात ठरलेल्या आहेत, त्यामुळे यादी करून भिंतीवर लावता येते. 'डिस्कस अबाउट' (अबाउट नको), 'रिटर्न बॅक' (बॅक नको), 'इन माय ओपिनियन आय थिंक' (एकच पुरे, शोधनिबंधात दोन्ही नकोत), 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', 'पीपल्स', 'इन्फॉर्मेशन्स'. मराठीत 'अ', 'द' अशी उपपदं नसल्यामुळे ती गळतात. त्यासाठी एक वेगळी फेरी ठेवा: प्रत्येक एकवचनी, मोजता येणाऱ्या नामाखाली रेघ आणि त्याच्या मागे काय आहे ते बघायचं. आणि स्वल्पविरामाने जोडलेली दोन पूर्ण वाक्यं. मराठीत हे खपून जातं, इंग्रजीत ती चूक धरतात. पूर्णविराम द्या किंवा मध्ये 'अँड', 'बट', 'सो' घाला. वाक्य २५ शब्दांच्या पुढे गेलं की तोडता येतं का बघा.

या सगळ्या फेऱ्या सहाव्या आठवड्यात. पाचव्या आठवड्यातल्या कच्च्या खर्ड्यावर व्याकरणाची लाल शाई चालवू नका, ही कळकळीची विनंती. जो परिच्छेद उद्या काढून टाकायचा आहे त्यातली स्पेलिंगं दुरुस्त करण्यात मूल थकून जातं, आणि मग ते तो परिच्छेद काढायला तयार होत नाही.

सातपुडा_पायथा

मांडणीचं राहिलंय. संदर्भ आणि पानाची मांडणी यांच्या ठरलेल्या पद्धती असतात. अमेरिकेतल्या हायस्कूलच्या इंग्रजी वर्गात एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची) पद्धत चालते. तिची सध्याची आवृत्ती नववी, २०२१ ची. मानसशास्त्र, समाजशास्त्राकडे एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची), सातवी आवृत्ती. आपल्या शाळेत कुठली वापरायची ते एकदा ठरवा आणि दोन्ही मिसळू नका.

एमएलए थोडक्यात: चारही बाजूंना एक इंच समास, टाइम्स न्यू रोमनसारखा सहज वाचता येणारा टाइप, आकार १२, सगळीकडे दुप्पट ओळ-अंतर. पहिल्या पानावर डावीकडे वर चार ओळी: नाव, शिक्षकाचं नाव, विषय, तारीख. वेगळं मुखपृष्ठ लागत नाही. उजवीकडे वर आडनाव आणि पान क्रमांक. परिच्छेदाची पहिली ओळ अर्धा इंच आत. या मापाने एका पानावर २५० ते ३०० शब्द बसतात, म्हणजे १५०० शब्दांची पाच-सहा पानं. कमी भरली तर बहुतेक वेळा ओळ-अंतर चुकलेलं असतं.

मजकुरातला संदर्भ एमएलएमध्ये (पाटील ४५) असा: आडनाव आणि पान, मध्ये स्वल्पविराम नाही, 'पी' नाही. एपीएमध्ये वर्ष येतं आणि स्वल्पविरामही येतात: (पाटील, २०१२, पी. ४५). इंग्रजीत पूर्णविराम कंसानंतर. गद्य अवतरण चार ओळींपेक्षा मोठं असेल तर नव्या ओळीवर, अर्धा इंच आत, अवतरणचिन्हांशिवाय. कवितेच्या तीन ओळींपर्यंत ओळीतच लिहून मध्ये तिरकी रेघ, त्यापुढे वेगळा ठोकळा.

शेवटी नव्या पानावर संदर्भसूची. आडनावांच्या अकारविल्हे, इंग्रजी अक्षरांप्रमाणे, आकडे न घालता. प्रत्येक नोंदीची पहिली ओळ समासाला, पुढच्या अर्धा इंच आत. स्पेसबार दाबून हे करू नका, एक शब्द बदलला की सगळं विस्कटतं. वर्डमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये 'स्पेशल' खाली 'हँगिंग' असतं, गूगल डॉक्समध्ये इंडेंटेशनच्या पर्यायात.

ऑनलाइन संदर्भ बनवणारी साधनं वापरा, पण त्यावर विसंबू नका. आपल्याकडे नाव कधी आडनाव आधी, कधी नंतर, मध्ये वडिलांचं नाव. साधनाला ते कळत नाही, ते शेवटचा शब्द आडनाव धरतं. मग 'पाटील रमेश सुरेश' ची नोंद 'सुरेश' खाली लागते आणि मजकुरात 'पाटील'. तपासायची रीत सोपी: मजकुरातल्या प्रत्येक कंसावर बोट ठेवायचं आणि सूचीत तेच पहिलं नाव आहे का ते बघायचं. मग उलट: सूचीतल्या प्रत्येक नोंदीचा मजकुरात वापर झालाय का? नसेल तर ती काढायची.

गिरणाकाठ

खूप धन्यवाद सर, मॅडम. आमच्या वर्गातले बरेच जण एआयकडून लिहून घेतात. संदर्भही तोच देतो. ते चालतं का?

लळिंग

नाही. आणि कारण नीट समजून घ्या. तो देत असलेले संदर्भ अनेकदा अस्तित्वातच नसतात. लेखकाचं नाव खरं वाटतं, नियतकालिक खरं असतं, लेख मात्र कधी छापलेलाच नसतो. शिक्षकाने एक जरी संदर्भ शोधला आणि सापडला नाही, तर अख्ख्या कामावरचा भरवसा जातो. नियम साधा ठेवा: जे पान स्वतः उघडून पाहिलं नाही ते सूचीत नाही.

शिक्षकांसाठी: एआय ओळखणाऱ्या साधनांच्या भरवशावर मुलाला दोषी ठरवू नका, ती चुकतात. त्यापेक्षा टप्प्यांना गुण द्या. प्रश्न, टिपणांचे कागद, आराखडा, कच्चा खर्डा हे सगळं जमा करायला लावा. गूगल डॉक्सवर लिहीत असतील तर आवृत्त्यांचा इतिहास दिसतो. सहा आठवड्यांचं काम एका रात्रीत आलेलं लगेच कळतं. शेवटी पाच मिनिटं तोंडी: 'तिसऱ्या परिच्छेदातला हा आकडा कुठून घेतला, का घेतला?' ज्याने लिहिलंय तो मोडक्या इंग्रजीत का होईना, पण सांगतो.

तापीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आता तपासणीचं, कारण चांगली योजना तिथेच कोसळते. एका तुकडीत ८० मुलं धरली आणि प्रत्येकाचे १५०० शब्द, तर १,२०,००० शब्द होतात. दोन फेऱ्या केल्या तर दुप्पट. एकटा शिक्षक हे करू शकत नाही. आणि करू शकत नाही म्हणून शोधनिबंध द्यायचाच नाही, असं ठरतं.

यातून वाट अशी. पहिल्या आठवड्यात फक्त प्रश्न तपासा, एक ओळ. चौथ्या आठवड्यात दावा आणि आराखड्यातली परिच्छेदांची पहिली वाक्यं, दहा ओळी. पाचव्या आठवड्यात प्रत्येकाचा एकच मुख्य परिच्छेद, तोही त्यानेच निवडलेला. अख्खा मजकूर शेवटी एकदाच. मधलं वाचन जोडीदाराकडून, पण 'छान आहे' असा शेरा चालणार नाही. कागदावर चार प्रश्न द्या: दावा कुठल्या वाक्यात आहे, ते अधोरेखित कर. कुठला पुरावा सर्वांत कच्चा वाटला? कुठे वाचताना अडखळलास? लेखकाला तू कुठला आक्षेप घेशील?

गुण २५ धरले तर: दावा ५, पुरावा ६, स्पष्टीकरण ७, मांडणीचा क्रम ३, संदर्भ २, भाषा २. भाषेला दोनच का, असं पालक विचारतील. कारण भाषेला दहा ठेवले की मुलं परत गाइडकडे वळतात. पाठ केलेल्या वाक्यात व्याकरणाची चूक नसते.

बोर्डाच्या परीक्षेचं काय, हा प्रश्न येणारच. बारावीच्या लेखनकौशल्याच्या प्रश्नात कल्पनाविस्तार आहे, स्टेटमेंट ऑफ पर्पज आहे, मुलाखतीचे प्रश्न तयार करणं आहे. दावा एका वाक्यात मांडता येणारं मूल कल्पनाविस्ताराच्या पहिल्या ओळीला अडत नाही, आणि केळीच्या व्यापाऱ्याला खरे प्रश्न विचारून आलेल्या मुलाला मुलाखतीचे प्रश्न पाठ करावे लागत नाहीत.

गिरणाकाठ

शेवटचं एक. आजोबांच्या पिढीतल्या शेतकऱ्यांच्या मुलाखती घेणार आहे, अहिराणीत. त्या कशा दाखवायच्या? आणि एका घरात जुनं वर्तमानपत्राचं कात्रण मिळालंय, त्यावर तारीखच नाही.

पांझरा

मुलाखत: आधी परवानगी, नाव छापायचं की नाही ते विचारून. फोनवर रेकॉर्ड करताना गाव, तारीख आणि बोलणाऱ्याचं वय सुरुवातीलाच बोलून घ्या. 'पूर्वी शेती चांगली होती ना?' असं विचारू नका, उत्तर तुम्हीच दिलंत. 'तुमच्या वडिलांच्या वेळी या शेतात काय काय पेरायचे?' असं विचारा. वर्ष आठवत नसेल तर लग्न, दुष्काळ, धरण अशा खुणांनी विचारा आणि नंतर दुसरीकडून पडताळा. अहिराणीतलं वाक्य रोमन लिपीत देऊन खाली तुमचं इंग्रजी भाषांतर द्या, भाषांतर तुमचं आहे हे लिहा. एमएलएमध्ये सूचीत बोलणाऱ्याचं नाव, मुलाखत तुम्ही घेतली ही नोंद आणि तारीख. एपीएमध्ये अशी मुलाखत सूचीत येत नाही, फक्त मजकुरात कंसात येते.

कात्रण: मागची बाजू बघा. जाहिरात, सिनेमाची वेळ, बाजारभाव, निवडणुकीची बातमी, काहीतरी असतंच, त्यावरून साल काढता येतं. वर्तमानपत्राचं नाव कळलं तर जुने अंक कुठे ठेवलेत ते ग्रंथालयात विचारा. साल अंदाजाने ठरलं तर चौकोनी कंसात 'सुमारे' म्हणून लिहा, आणि ते कशावरून ठरवलं ते एका वाक्यात मजकुरात सांगा. काहीच लागलं नाही तर एमएलएमध्ये तारखेची जागा सोडून द्यायची, मनाने साल घालायचं नाही. मूळ कात्रण त्या घरीच राहू द्या, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, शेजारी पट्टी ठेवून.